लाभार्थी आणि घर दोन्ही दिसले पाहिजेत

सेनगावच्या आठवडी बाजारात मी पहिली दोन वर्षं जे फोटो काढले, त्यांतल्या एकाही माणसाचे डोळे धड उघडे नाहीत. माणसांचे डोळे चांगले होते. दोष माझाही नाही, असं मी तेव्हा धरून चाललो होतो. हिंगोलीत ज्यांच्या स्टुडिओत मी काम शिकलो, त्या उस्तादांनी माझ्याकडून एकच नियम घोकून घेतला होता: ऊन आपल्या पाठीशी, गिऱ्हाईक उन्हाच्या तोंडाशी. मी नियम पाळणारा माणूस आहे. बाजाराच्या दिवशी भर बारा वाजता एसटी स्टँडमागच्या मोकळ्या जागेत मी माणसं उभी करायचो आणि डोळे उघडायला सांगायचो. ती उघडायची, आणि मी बटण दाबेपर्यंत मिटायची.

बारा वाजता ऊन पाठीशी नसतंच, ते डोक्यावर असतं, ही गोष्ट उस्तादांनी सांगितली नव्हती आणि मला सुचली नव्हती. डोक्यावरच्या उन्हात नाकाची सावली बरोबर ओठावर पडते. माझ्या फोटोंत त्यामुळं बायकांनाही मिशी येत असे. पुरुषांची कुणाची तक्रार नव्हती. एकदा मात्र एक गृहस्थ आपल्या लेकीला घेऊन आले. तिचा मी काढलेला फोटो त्यांनी कळमनुरीकडच्या एका स्थळाला पाठवला होता. तिकडून निरोप आला होता की मुलगी पसंत आहे, पण मिशीचं काय ते आधी सांगा. गृहस्थ रागावले नव्हते. त्यांनी लेकीला माझ्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, तुमीच पहा. मी पाहिलं. मिशी नव्हती.

तो फोटो मी दुसऱ्या दिवशी परत काढला. बाजारात पुन्हा यायला पोरगी तयार नव्हती, म्हणून शाळेच्या आवारात लिंबाखाली उभी केली. समोर शाळेची भिंत होती, नुकताच चुना दिलेली, तिच्यावर ऊन पडलेलं. फोटो इतका चांगला आला की मला वाटलं, पोरगीच मुळात देखणी असावी. लग्न जमलं. मग त्याच लिंबाखाली मी आणखी चार-पाच जणींचे फोटो काढले आणि त्या सगळ्याच देखण्या निघाल्या, तेव्हा मला संशय आला. माणूस सावलीत आणि समोर उन्हातली पांढरी भिंत, एवढंच त्यातलं गुपित होतं. भिंतीवरचा उजेड अलगद चेहऱ्यावर येतो. डोळे मिटत नाहीत आणि मिशीही येत नाही. एवढं समजायला मला दोन वर्षं आणि एका पोरीची बदनामी लागली.

उजेडाचं असं जमलं, पण चौकटीचं जमेना. आमच्याकडं पाय कापलेला फोटो कुणी घेत नसे. फोटोत माणूस डोक्यापासून वहाणेपर्यंत पाहिजे, आणि वहाण नवी असली तर ती आधी दिसली पाहिजे. पाय घ्यायचे म्हणजे मी मागं सरायचो. मागं सरलो की चेहरा हरभऱ्याच्या दाण्याएवढा व्हायचा आणि बाजूनं शेळी, सायकल, बाजारातली गर्दी असं सगळं फोटोत यायचं. मी सांगून पाहिलं की फोटोला चेहरा महत्त्वाचा. त्यावर एका म्हाताऱ्यानं मला विचारलं होतं की चेहरा तर सगळ्यांना माहीतच आहे, मग फोटो कशाला काढायचा. गिऱ्हाइकाशी वाद घालू नये, हा उस्तादांचा दुसरा नियम होता, तो मी तेव्हा आठवून घेतला.

हे सगळं सांगायचं कारण घरकुलाचे फोटो. परभणीतून आमचा जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. साखरा गावाच्या पुढं माळावर एक तांडा आहे. तिथल्या बारा कुटुंबांची नावं घरकुलाच्या यादीत आली होती, आणि प्रत्येक फाइलीला एक फोटो जोडायचा होता. ग्रामसेवकानं मला छापील कागद वाचून दाखवला: लाभार्थी आणि त्याचं सध्याचं घर दोन्ही दिसले पाहिजेत, लाभार्थ्याचा चेहरा ओळखू आला पाहिजे. ग्रामसेवक चांगला माणूस होता, फक्त कागदात लिहिलंय तेवढंच त्याला दिसायचं. मी म्हटलं, एका सकाळचं काम आहे.

अकरा जणांचं एका सकाळचंच काम होतं. माणूस दारात उभा करा, घर मागं घ्या, पाय आपोआप येतात, सगळे खूश. बाराव्या लाभार्थी एक साठीच्या बाई होत्या. नवरा वारून बरीच वर्षं झालेली. दोन पोरींची लग्नं झालेली, आता एकट्याच. त्यांचं घर म्हणजे तुराट्यांचा कूड, वर अर्धे पत्रे, अर्धं गवत, आणि दाराला तेलाचे डबे कापून ठोकलेला पत्रा. मागच्या पावसात एका बाजूचा कूड बसला होता, तिथं त्यांनी ताडपत्री बांधली होती. यादीतल्या बारा घरांत सगळ्यांत गरज कुणाला होती, हे सांगायला फोटोची गरज नव्हती.

घर आणि बाई दोन्ही चौकटीत घ्यायचं तर मला पार मागं, वाटेच्या पलीकडच्या घराच्या ओट्याला टेकून उभं राहावं लागलं. बाई दारात उभ्या राहिल्या. पदर कपाळावरून खाली, हनवटीपर्यंत. मी म्हटलं, पदर वर घ्या. त्यांनी बोटभर वर घेतला. मी म्हटलं, आणखी. त्यांनी तेवढाच परत खाली ओढला. मला पुढं जीप गाठायची होती. मी बटण दाबलं.

हिंगोलीहून रोल धुऊन आला. घर सुरेख आलं होतं. एकेक तुराटी मोजता आली असती. बाईंच्या पदराखाली मात्र काळं भोक होतं. दार पश्चिमेला, सकाळचं ऊन घराच्या मागून, त्यात पदर, मग दुसरं काय होणार. ग्रामसेवकानं फोटो उलटा-सुलटा करून पाहिला आणि परत दिला. घर कोणाचं हे कळतंय, बाई कोण हे कळत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. चेहऱ्याशिवाय फाइल वर जाणार नव्हती.

संध्याकाळी गेलो असतो तर ऊन दारावर मिळालं असतं. पण संध्याकाळी साखऱ्याहून परतीची जीप नसते. म्हणून दुसऱ्या खेपेला मी फ्लॅश घेऊन गेलो. बाईंना फोटोचं महत्त्व सांगितलं, फाइलीचं सांगितलं, मागच्या पावसाचंही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पदर होता तिथंच ठेवला. मी मनात म्हटलं, असू दे, फ्लॅशचा उजेड पदराच्या आत जाईल. उजेड पदराच्या आत गेला नाही. तो दाराच्या पत्र्यावर आपटून माझ्याकडं परत आला. फोटोत दाराच्या जागी पांढरा गोळा होता आणि त्याच्यापुढं पदर घेतलेली एक सावली. आता घरही नीट दिसत नव्हतं. ग्रामसेवक म्हणाला की आधीचा बरा होता.

मग त्यानं सांगितलं की सोमवारी फायली पंचायत समितीत जाणार, त्यात बारावी नसली तर नाव पुढच्या यादीत. पुढची यादी कधी, हे त्यालाही माहीत नव्हतं. मी घरी येऊन जेवलो, पण जेवण गोड लागलं नाही. बाईंचा मला राग आला होता. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातला प्रकार होता, पण ते मला तेव्हा पटलं नसतं. एवढी दोनदा उन्हातान्हात खेप घातली, आणि ही बाई स्वतःच्या घरासाठी वीतभर पदर वर घेत नाही, असं मी बायकोलाही सांगितलं. बायको म्हणाली, तिला विचारलं का काहून घेत न्हाई ते? मी विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी तिसऱ्यांदा गेलो. त्याच ओट्याला टेकून कॅमेरा काढला आणि कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी विचारलं. बाईंनी तोंड दुसरीकडं वळवलं आणि पदराआडून सांगितलं.

"तुमच्या मागं कोन बसलंय ते पहा की."

मी मागं पाहिलं. ओट्यावर एक म्हातारा बसला होता. तो तिन्ही खेपांना तिथंच बसलेला होता. मी दोनदा त्याला रामरामही केला होता. त्याचं धोतर, त्याची काठी, त्याचा ओटा, एवढं मी पाहिलं होतं. तो बाईंचा थोरला दीर होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. तांड्यात त्याला जेठ म्हणतात. जेठापुढं भावजय तोंड उघडं करत नाही. लग्न होऊन आल्या दिवसापासून चाळीस वर्षं या बाईंनी त्या ओट्यापुढून जाताना पदर खाली ओढला होता. स्वतःच्या दारात बसताना ओढला होता. आणि मी त्या ओट्यालाच टेकून उभा राहून, आणखी वर घ्या, आणखी वर घ्या, असं ओरडत होतो. मी त्यांना माझ्याकडं पाहायला सांगत होतो, पण माझ्या खांद्यावरून त्यांना दिसत होता जेठ. गावोगाव हिंडून, हजार माणसं उभी करून मी एवढंही शिकलो नव्हतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकलं होतं. तो काठी घेऊन उठला आणि घरात गेला. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, दार लागल्याचं पाहिलं, आणि पदर कपाळापर्यंत वर घेतला. मी कॅमेऱ्यातून पाहिलं. चेहरा होता, पण काळा. ऊन मागं, बाई घराच्या सावलीत, डोक्यावर पदराची वळचण. उजेड मोजायचा मिटर लावून पाहिला. पहिल्या फोटोत काळं भोक होतं, आता काळ्या भोकात नाक-डोळे असल्याचा अंदाज आला असता. ग्रामसेवक अंदाज घेणारा माणूस नव्हता.

मला पांढरी भिंत पाहिजे होती. माळावर पांढरी भिंत कुठली असणार. मी बाईंना विचारलं की पांढरं मोठं कापड आहे का, एखादी चादर. त्यांच्याकडं दोन गोधड्या होत्या, दोन्ही रंगीबेरंगी. शेजारणीनं ओढण्या आणून दाखवल्या, लाल, पिवळ्या, आरसे लावलेल्या. दिसायला छान होत्या, पण लाल कापडाचा उजेड तोंडावर टाकला तर बाईंना ताप आल्यासारखं दिसलं असतं. तेवढ्यात समोरचं दार किलकिलं झालं आणि म्हाताऱ्यानं आतून एक धोतर बाहेर टाकलं. धुतलेलं, घडीचं, नीळ दिलेलं. बहुतेक लग्नकार्याला नेसायचं.

आता ते धरायचं कुणी? वाटेवर ऊन होतं आणि बाई सावलीत. कापड उन्हात, त्यांच्यापासून तीन-चार हातांवर, ताणून, चौकटीच्या जरा बाहेर धरायला हवं होतं. शेजारणीनं एक टोक धरलं, पण ती ठेंगणी, आणि माळावर वारं. धोतर तिच्याच अंगाला गुंडाळलं गेलं. बाकी माणसं शेतावर गेलेली. मी कॅमेरा धरू की धोतर, अशी माझी अवस्था झाली.

दार पुन्हा वाजलं. म्हातारा पाठमोरा, उलट्या पावलांनी बाहेर आला. बाईंनी पदर ओढून घेतला. त्यानं मागं न पाहता हात लांबवून शेजारणीकडून धोतराचं टोक घेतलं, दुसरं टोक चाचपून घेतलं, दोन्ही हात वर करून धोतर स्वतःपुढं ताणून धरलं आणि मग तो वळला. आता त्याच्या आणि बाईंच्या मध्ये धोतर होतं. धोतराच्या वरून त्याची फक्त बोटं दिसत होती आणि खालून पायातले जोडे.

"तिला म्हनावं, घे आता पदर वर," तो कापडामागून म्हणाला. "मला काई दिसून न्हाई राहिलं."

मला सांगावं लागलं नाही. बाईंनी एकदा त्या धोतराकडं पाहिलं, आणि दोन्ही हातांनी पदर केसांच्याही मागं नेला. धोतरावरचं ऊन त्यांच्या तोंडावर आलं. शाळेच्या भिंतीनं इतक्या वर्षांत मला कधी दिला नव्हता असा उजेड होता तो. सावलीत उभी असलेली बाई आतून उजळल्यागत दिसायला लागली. हनवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके होते. डोळे पूर्ण उघडे होते आणि कॅमेऱ्याकडं नव्हते, धोतराकडं होते. चाळीस वर्षांत ती दोघं समोरासमोर इतकी जवळ कधी उभी राहिली नसावीत.

मला एकच फोटो लागणार होता. मी तीन काढले. दुसऱ्या-तिसऱ्याला म्हाताऱ्याचे हात थरथरायला लागले होते, कापड हलत होतं आणि उजेडही हलत होता. त्यानं फक्त एवढंच विचारलं, झालं का. मी झालं म्हटलं, बाईंनी पदर ओढला, मी 'आता चालेल' म्हटलं, आणि मगच त्यानं हात खाली घेतले. धोतराची घडी घालून तो परत ओट्यावर बसला.

हिंगोलीच्या लॅबवाल्यानं त्याच दिवशी रोल धुऊन दिला आणि सोमवारी कचेरी उघडायच्या आत मी ग्रामसेवकाच्या दारात होतो. त्यानं फोटो पाहून विचारलं, ही कोण? मी म्हटलं, तीच. खात्री करायला त्यानं आधीचे दोन फोटो शेजारी ठेवून पाहिले. त्यांचा उपयोग होण्यासारखा नव्हता. शेवटी त्यानं घर जुळवलं आणि फोटो फाइलीला लावला.

दुसरी प्रत मी बाईंना द्यायला गेलो. त्या निंदणीला गेल्या होत्या. ओट्यावर जेठ होता. मी पाकीट त्याच्या हातात दिलं. त्यानं ते उघडलं नाही, बंडीच्या खिशात नीट ठेवलं.

"डोळे उघडे हायेत का?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं.

"आन् हनवटीवरचं गोंदन?"

मी चपापलो. ते त्याला कसं माहीत, असं माझ्या तोंडावर आलं असावं. लग्न झालं तेव्हा धाकट्या भावानं सांगितलं होतं, असं तो म्हणाला. भावाला जाऊन अठरा वर्षं झाली होती. मी म्हटलं, पाकीट चिकटवलेलं नाही, पाहून घ्या, फोटोच तर आहे, इथं पाहायला कोण येतंय.

"तिनं तुमाला दाखवलं," तो म्हणाला. "मला न्हाई दाखवलं."

एकाची गरज असताना मी तीन फोटो काढले होते.

पुढच्या वर्षी घर पुरं झालं. त्याचाही फोटो लागतो, लाभार्थी आणि पूर्ण झालेलं घर. त्या सकाळी मी सवयीनं आधी ओट्याकडं गेलो. म्हातारा बसलेला होता, आणि समोर दार नव्हतं. विटांची सरळ सपाट भिंत होती, खिडकीसुद्धा नाही. मी घराला वळसा घालून पलीकडं गेलो. दार पूर्वेला काढलेलं होतं. बाई उंबऱ्यात बसून सुपातली तूर निवडत होत्या, पदर खांद्यावर, तोंडावर सकाळचं ऊन. मला काही करावं लागलं नाही. पाच मिनिटांत फोटो झाला.

मग मी दाराचं विचारलं. गवंड्यानं जुन्या दाराच्या जागीच दोरी धरली होती, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा जेठ काठी टेकत आले आणि दार पलीकडून काढायला सांगून गेले. इकडून पावसाचा झोत आत येतो, असं म्हणाले.

"पाऊस तं चाळीस वर्सं तिकडूनच येऊन राहिला," बाई म्हणाल्या, आणि तूर निवडू लागल्या. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही.

परत जाताना मी ओट्यापाशी थांबलो. म्हाताऱ्यानं विचारलं, झाला का फोटो. मी हो म्हटलं. तो थोडा वेळ समोरच्या भिंतीकडं पाहत राहिला.

"दारात बसते का ती?"

"बसून राहिल्या. तूर निवडून राहिल्या."

"पदर?"

"खांद्यावर हाय."

"मंग बराबर हाय," तो म्हणाला, आणि मला बसायला ओट्यावर जागा केली.